फिरता शिक्षक

सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला माण तालुका आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येत असल्यामुळे हा दुष्काळी मुलूख. याच जिल्ह्यातील महाबळेश्वरला वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. दहिवडी-म्हसवडच्या वाट्याला त्याचा जेमतेम दहावा हिस्सा येतो. पाणी तुटपुंजे, म्हणून वस्तीही विरळ. गावे एकमेकांपासून दूर आणि वाड्या-वस्त्या गावापासून आणखी दूर. माणदेशातील अशा वाडीवर शिकवायला जाणारा शिक्षक व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ (१९५५) या कादंबरीमुळे मराठी वाचकांच्या परिचयाचा झाला. आज आपण एका वेगळ्या शिक्षकाची ओळख करून घेऊ. त्याची शाळा एक नसते आणि वर्गही एक नसतो. त्याचा एक विद्यार्थी या गावात, तर दुसरा पलीकडच्या गावात. हे विद्यार्थी पूर्ण अंध असतात किंवा त्यांना फार कमी दिसते. त्यांच्यासाठी गावोगाव जाणाऱ्या या विशेष शिक्षकाला ‘फिरता शिक्षक’ म्हणतात.

मूल शाळेकडे की शिक्षक मुलाकडे?

भारतातील अंधांची पहिली शाळा १८८७ साली अमृतसरला निघाली. मुंबईत अशी शाळा १९०० साली सुरू झाली. या शाळांनी मोलाचे काम केले आहे. पण अशा शाळा बहुधा शहरांत व निवासी असतात. माणमधल्या सहा वर्षांच्या मुलाने तेथे शिकायचे म्हणजे आईवडील, भावंडे आणि गाव सोडायचे. पुष्कळ पालकांचे मन त्याला धजत नाही आणि मग मूल घरीच राहते.

१९७४ साली केंद्र सरकारने अपंग मुलांच्या एकात्मिक शिक्षणाची योजना सुरू केली. मुलाने गावच्याच शाळेत इतर मुलांबरोबर बसावे आणि त्याला लागणारी विशेष मदत तेथे पोचावी, असा तिचा उद्देश होता. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलांना, जवळच्या शाळेत अथवा आवडीच्या विशेष शाळेत, मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे.

आता थोडे गणित करू. समजा, एका तालुक्यात असे १२ विद्यार्थी १२ गावांत आहेत आणि त्यांच्यासाठी फिरता शिक्षक एकच आहे. महिन्यात कामाचे दिवस २४ धरले, तर प्रत्येक गावाच्या वाट्याला २ दिवस येतात. उरलेल्या २२ दिवसांचे काय? हा प्रश्न लक्षात ठेवा. फिरत्या शिक्षकाच्या कामाचे मर्म त्यातच आहे.

सहा टिंबांची लिपी

फिरत्या शिक्षकाच्या पिशवीत ब्रेल पाटी, टोचणी व जाड कागद असतात. ही लिपी फ्रान्समधील लुई ब्रेल (१८०९-१८५२) या अंध तरुणाने तयार केली. त्याच्याआधी शार्ल बार्बिये याने १२ टिंबांची पद्धत काढली होती. पण तिचे अक्षर बोटाखाली एका वेळी मावत नसे. ब्रेलने टिंबे ६ वर आणली. प्रत्येक टिंब एक तर उठलेले असते किंवा नसते, म्हणजे शक्यता २. सहा टिंबांच्या शक्यता २×२×२×२×२×२ = ६४. त्यांतले कोरे घर वगळले, तर ६३ चिन्हे मिळतात.

डाव्या रांगेतील टिंबांना वरून खाली १, २, ३ व उजव्या रांगेतील टिंबांना ४, ५, ६ असे क्रमांक आहेत. भारतीय भाषांसाठी १९५१ साली ‘भारती ब्रेल’ स्वीकारण्यात आली. तीत आपण ‘माण’ हा शब्द लिहू. ‘म’साठी टिंबे १, ३, ४, मग काना म्हणून ‘आ’, टिंबे ३, ४, ५, आणि ‘ण’साठी ३, ४, ५, ६. गंमत अशी, की हेच ‘ण’चे चिन्ह आकड्यांपूर्वी अंकचिन्ह म्हणूनही वापरतात. पण घोटाळा होत नाही, कारण मराठीत ‘ण’ने शब्द सुरू होत नाही.

पाटीवर लिहिताना टोचणीने कागदाला वरून टोचतात, त्यामुळे टिंबे मागच्या बाजूला उठतात. म्हणून लिहायचे उजवीकडून डावीकडे आणि कागद उलटून वाचायचे डावीकडून उजवीकडे. शेजारशेजारच्या टिंबांत सुमारे २.५ मिलिमीटर अंतर असते आणि बोटाच्या टोकाच्या त्वचेला ते ओळखता येते. लहानपणापासून अंध असलेली व्यक्ती ब्रेल वाचते तेव्हा मेंदूतील दृष्टीचे केंद्रही काम करीत असते, असे १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. डोळ्यांकडून संदेश येत नाहीत, म्हणून मेंदूचा तो भाग रिकामा बसून राहत नाही!

गणितासाठी टेलर पाटी असते. तिच्यात अष्टकोनी घरे असतात व त्यांत धातूचे चौकोनी खिळे बसवायचे असतात. खिळ्याच्या एका टोकाला कड असते व दुसऱ्या टोकाला दोन उंचवटे. अष्टकोनात खिळा ८ दिशांनी बसतो. दोन टोके मिळून १६ चिन्हे होतात. त्यांत दहा अंक आणि बेरीज-वजाबाकीसारखी चिन्हे बसतात. भूमितीची आकृती काढायची असेल, तर रबरी चटईवर कागद ठेवून करंजीचे कातण फिरवले तरी चालते. कागदाच्या मागे उठलेली टिंबांची रेघ बोटाला कळते. नकाशात माणगंगा दोऱ्याने आणि डोंगर डाळीचे दाणे चिकटवून दाखवता येतात.

थोडी दृष्टी असेल तर

फिरत्या शिक्षकाचे सगळेच विद्यार्थी पूर्ण अंध नसतात. काहींना जवळचे व मोठे दिसते. असे मूल पुस्तक नाकाला लावून वाचते आणि घरची माणसे ‘डोळे बिघडतील’ म्हणून त्याला रागावतात. पण यात शास्त्र आहे. वस्तूचे अंतर निम्मे केले, की दृष्टिपटलावरील प्रतिमा दुप्पट होते. २० सेंटिमीटरवरचे पुस्तक ५ सेंटिमीटरवर आणले, तर अक्षर चौपट दिसते. याने डोळे बिघडत नाहीत. इतक्या जवळचे स्पष्ट दिसावे म्हणून २० डायॉप्टरचे, म्हणजे ५ सेंटिमीटर केंद्रांतराचे भिंग उपयोगी पडते. काळी जाड लेखणी, ठळक रेघांची वही, पुस्तक तिरके ठेवायला घडवंची आणि फळ्याजवळची जागा एवढ्याने ज्याची शाळा टिकते, असे मूलही असते.

वाट चालताना

शाळेत एकट्याने येणे हाही अभ्यासच आहे. पांढरी काठी खांद्यांच्या रुंदीहून किंचित अधिक अशी डावी-उजवीकडे फिरवायची असते. उजवे पाऊल पुढे पडते तेव्हा काठी डावीकडे टेकते, म्हणजे पुढचे पाऊल पडणार ती जागा आधी तपासली जाते. शिक्षक मुलाबरोबर वाट चालतो व खुणा ठरवून देतो : डांबरी संपून खडी लागली, गोठ्याचा वास आला, पिठाच्या गिरणीची घरघर उजवीकडे आली, की वळायचे.

पूर्वी समजत, की अंधांना समोरची भिंत चेहऱ्याच्या कातडीवर जाणवते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातून १९४४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी दाखवले, की हे काम कानांचे आहे. पावलांच्या आवाजाचा प्रतिध्वनी ऐकून भिंत कळते. कान बंद केले, की ही जाणीव जाते.

उरलेले २२ दिवस

फिरता शिक्षक फक्त मुलाला शिकवून परत गेला, तर महिन्यातले दोनच दिवस कारणी लागतील. म्हणून तो वर्गशिक्षकांबरोबरही बसतो. पुढच्या धड्यातील कोणती आकृती आधी उठावदार करून ठेवायची, प्रयोगाचे साहित्य मुलाच्या हातात कधी द्यायचे, चाचणी कशी घ्यायची, हे दोघे ठरवतात. लेखनिक घेऊन परीक्षा देणाऱ्यास तासामागे किमान २० मिनिटे जादा देण्याची सूचना केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. पण लेखनिकाला नेमके सांगण्याचा सराव वर्षभर करावा लागतो. मेंढरे घेऊन किंवा ऊसतोडीला कुटुंब परमुलखात निघाले, तर पाटी व ब्रेलमधील धडे बरोबर जातील, हेही पाहावे लागते. पाठ केलेली वाट मात्र मागे राहते आणि नव्या मुक्कामी ती पुन्हा पहिल्यापासून शिकावी लागते.

सर्वांत मोठी मदत वर्गाकडून होते आणि तिला पैसा लागत नाही. ती समजण्यासाठी पुढील दोन प्रयोग करा.

१. तारेचा तुकडा वाकवून त्याची दोन बोथट टोके ३ मिलिमीटर अंतरावर आणा. मित्राला डोळे मिटायला सांगून ती टोके एकदम त्याच्या बोटाच्या टोकाला हलकेच लावा, मग दंडाला लावा. कोठे दोन टोके कळतात व कोठे एकच, ते लिहून ठेवा. ब्रेल बोटानेच का वाचतात, हे समजेल.

२. गणिताच्या तासाला गुरुजींच्या परवानगीने दहा मिनिटे डोळे मिटून बसा. ‘हे इकडे घेतले, यातून ते वजा केले’ अशी किती वाक्ये कानावर येतात ते मोजा. आता शेजाऱ्याला फळ्यावरचे मोठ्याने वाचायला सांगा : ‘२क + ६ = १४; दोन्ही बाजूंतून ६ वजा केले.’ गणित डोळे मिटूनही सुटते की नाही, पाहा.

हे वाचून दाखवणे ज्या वर्गाच्या अंगवळणी पडते, त्या वर्गात फिरता शिक्षक येणार नसतो त्या दिवशीही दृष्टिहीन विद्यार्थ्याचा धडा चालू राहतो.