विजेची शेगडी : सुरक्षितता जोडणीत आहे

स्वयंपाकाच्या इंधनाचा प्रश्न हा महाराष्ट्रातील प्रत्येक कुटुंबाच्या दैनंदिन जीवनाशी निगडित आहे. लाकूडफाटा, गोवऱ्या, रॉकेल आणि गॅस अशी वाटचाल करीत आता विजेची शेगडी शहरांप्रमाणेच गावोगावच्या घरांत येऊ लागली आहे. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०२१ मध्ये विजेवरील वाहने आणि विजेवरील स्वयंपाक यांच्या प्रसारासाठी मोहीम हाती घेतली. त्यानंतर २०२३ मध्ये एनर्जी एफिशिएन्सी सर्व्हिसेस लिमिटेड या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीने २० लाख इंडक्शन शेगड्या वितरित करण्याचा कार्यक्रम जाहीर केला. धूर नाही, काजळी नाही, सिलिंडरची वाट पाहणे नाही, ही या शेगडीची वैशिष्ट्ये सर्वपरिचित आहेत.

तथापि, शेगडी विकत घेताना जेवढी चौकशी केली जाते, तेवढी ती ज्या तारेला जोडावयाची त्या तारेविषयी केली जात नाही. दिवे आणि पंखे यांच्यासाठी केलेल्या वायरिंगवरच शेगडी चालविली जाते. अनेक घरांत अर्थिंगची तार नसते, आणि असली तरी ती जमिनीपर्यंत पोहोचत नाही. ओला ओटा, ओले हात आणि धातूची भांडी यांच्या सान्निध्यात चालणाऱ्या या उपकरणाच्या बाबतीत अशी उणीव प्राणघातक ठरू शकते. म्हणूनच शेगडी आणण्यापूर्वी तिच्या जोडणीची व्यवस्था करणे अगत्याचे आहे.

शेगडीचा भार किती?

आपल्या घरांना २३० व्होल्ट दाबाने एकफेज वीजपुरवठा होतो. ९ वॅटच्या एलईडी दिव्याला लागणारा प्रवाह अगदी नगण्य असतो. एका चुलीच्या इंडक्शन शेगडीची क्षमता मात्र साधारणतः १,२०० ते २,००० वॅट असते. २,००० वॅटची शेगडी म्हणजे असे दोनशेहून अधिक दिवे एकाच वेळी लावण्यासारखे आहे. वॅटच्या आकड्यास २३० ने भागले असता प्रवाह अँपिअरमध्ये मिळतो. २,००० वॅटला सुमारे ८.७ अँपिअर, ३,००० वॅटला सुमारे १३ अँपिअर, तर अनेक चुली आणि भट्टी असलेल्या ६,००० वॅटच्या मोठ्या शेगडीला सुमारे २६ अँपिअर प्रवाह लागतो.

तारेतून प्रवाह वाहताना ती तापते. प्रवाह दुप्पट झाला तर निर्माण होणारी उष्णता चौपट होते. दिव्यासाठी टाकलेल्या बारीक तारेवर शेगडी चालविली तर तारेचे वेष्टण हळूहळू मऊ पडते, ठिसूळ होते आणि अखेरीस भिंतीच्या आत किंवा छतावर आग लागण्याचा धोका उत्पन्न होतो. हे नुकसान बाहेरून दिसत नसल्याने कित्येक महिने लक्षात येत नाही.

याच कारणास्तव घराचा मंजूर भार प्रथम पाहावा. तो वीजबिलावर छापलेला असतो. शेगडीमुळे एकूण भार त्यापेक्षा अधिक होणार असल्यास वीज वितरण कंपनीकडे भारवाढीचा अर्ज करावा. मीटरपर्यंतची सेवातार आणि गावातील रोहित्र यांचे नियोजन मंजूर भारावरच केलेले असते.

स्वतंत्र तार, स्वतंत्र नियंत्रण

शेगडीसाठी मुख्य फलकापासून स्वतंत्र तार आणावी, हा पहिला नियम होय. त्या तारेवर दिवा, पंखा, फ्रीज अथवा मिक्सर यांपैकी काहीही जोडू नये. एका चुलीच्या शेगडीसाठी २.५ चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार, १६ अँपिअरचे सॉकेट आणि १६ अँपिअरचा एमसीबी ही व्यवस्था सर्वसाधारणपणे योग्य असते. दोन चुलींच्या शेगडीसाठी ४ चौरस मिलिमीटरची तार आणि २० अँपिअरचा एमसीबी घ्यावा, आणि प्लगऐवजी कायम जोडणी करावी. भट्टीसह असलेल्या मोठ्या शेगडीसाठी ६ चौरस मिलिमीटर किंवा त्याहून जाड तार लागते. फलकापासून ओट्यापर्यंतचे अंतर जास्त असेल तर तंत्रज्ञाने त्याचा हिशेब करून जाडी ठरवावी.

एमसीबीचा आकडा तारेच्या क्षमतेपेक्षा कधीही मोठा असू नये. शेगडी लावली की एमसीबी पडतो म्हणून मोठा एमसीबी बसविणे, किंवा जुन्या फ्यूजमध्ये जाड तार गुंडाळणे, हा प्रकार सर्रास आढळतो. त्यामुळे तारेचे रक्षण करणारे साधनच निकामी होते. एमसीबी वारंवार पडत असेल तर दोष तारेत, सांध्यात किंवा शेगडीत शोधावा.

६ अँपिअरच्या सॉकेटमधून सुमारे १,३८० वॅटपर्यंतचाच भार घेता येतो. मोठा प्लग लहान सॉकेटमध्ये बसविण्यासाठी बाजारात जोडसाधने मिळतात. शेगडीसाठी त्यांचा वापर करू नये. लांबणीची तार किंवा अनेक सॉकेटांची पट्टीही शेगडीसाठी वर्ज्य समजावी.

तिसऱ्या तारेचे कार्य

प्लगच्या तीन पिनांपैकी वरची पिन अधिक लांब आणि जाड असते. प्लग घालताना अर्थिंगची जोडणी सर्वांत आधी व्हावी आणि काढताना ती सर्वांत शेवटी सुटावी, यासाठी ही योजना आहे. शेगडीच्या आत फेजची तार सुटून धातूच्या आवरणाला लागली तर प्रवाहाला जमिनीकडे जाण्याचा सोपा मार्ग मिळावा आणि तो मार्ग मनुष्याच्या शरीरातून जाऊ नये, हे अर्थिंगचे कार्य होय.

भिंतीतील वायरिंगमध्ये लाल, पिवळी किंवा निळी तार फेजची, काळी न्यूट्रलची आणि हिरवी अर्थिंगची, असा संकेत रूढ आहे. उपकरणाच्या लवचिक दोरीत तपकिरी तार फेजची, निळी न्यूट्रलची आणि हिरवी-पिवळी अर्थिंगची असते. निळा रंग दोन्हीकडे वेगळ्या अर्थाने येतो, हे विशेष लक्षात ठेवावे. सॉकेटकडे समोरून पाहिले असता फेज उजवीकडे आणि न्यूट्रल डावीकडे असावी. स्विच नेहमी फेजच्या तारेवरच असावा, अन्यथा स्विच बंद करूनही शेगडीच्या आत वीज राहते.

अर्थिंगची सोय नसलेल्या घरात सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थिंगची टोके एकमेकांस जोडून देण्याची एक घातक पद्धत प्रचलित आहे. वरवर पाहता सर्व ठीक चालते. परंतु मागे कोठेही न्यूट्रलची तार तुटली की शेगडीचे संपूर्ण आवरण २३० व्होल्ट दाबाखाली येते. ही पद्धत तात्काळ बंद झाली पाहिजे. नळाच्या पाइपला अर्थिंग जोडणेही अयोग्य आहे. आता बहुतेक ठिकाणी प्लॅस्टिकचे पाइप असल्याने त्या जोडणीस काहीच अर्थ उरत नाही.

घरासाठी पाइपचे अर्थिंग करताना भारतीय मानकानुसार किमान ३८ मिलिमीटर आतील व्यासाचा आणि २.५ मीटर लांबीचा जस्तलेपित लोखंडी पाइप जमिनीत उभा पुरतात. तो इमारतीपासून सुमारे दीड मीटर दूर असावा. भोवती कोळसा आणि मीठ यांचे थर देण्याची पद्धत रूढ आहे. दख्खनच्या पठारावरील मुरमाड व खडकाळ जमिनीत, तसेच कोकणातील जांभ्यात, अर्थिंगचा रोध सहज कमी होत नाही. काळ्या मातीत तो कमी असतो, परंतु उन्हाळ्यात माती सुकून भेगा पडल्या की तिचा पाइपशी असलेला संपर्क सैल होतो. म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात वेळोवेळी पाणी घालावे आणि रोधाची मोजणी पावसाळ्यात न करता उन्हाळ्यात करून घ्यावी.

एमसीबी असूनही धोका का राहतो?

एमसीबी बसविला म्हणजे विजेचा धक्का बसणार नाही, हा समज फार व्यापक आहे आणि तो चुकीचा आहे. एमसीबी तारेचे रक्षण करतो. मनुष्याचे रक्षण करणे हे त्याचे काम नव्हे.

एक साधा हिशेब पाहता हे स्पष्ट होईल. घराचे अर्थिंग, जमीन आणि रोहित्राचे अर्थिंग यांचा एकूण रोध २० ओहम आहे असे समजू. शेगडीत दोष निर्माण होऊन फेज आवरणाला लागली तर २३० भागिले २० म्हणजे ११.५ अँपिअर प्रवाह जमिनीत वाहील. १६ अँपिअरचा एमसीबी या प्रवाहाने पडणारच नाही. दोष तसाच राहील आणि आवरणावर धोकादायक दाब कायम राहील. दुसरीकडे, मनुष्याच्या शरीरातून काही दशक मिलिअँपिअर, म्हणजे एका अँपिअरचा अल्पसा अंश, एवढा प्रवाह गेला तरी तो प्राणघातक ठरू शकतो. ओल्या त्वचेचा रोध कमी असल्याने स्वयंपाकघरात हा धोका वाढतो.

ही उणीव आरसीसीबी हे साधन भरून काढते. फेजमधून गेलेला प्रवाह आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह यांची ते सतत तुलना करते. दोहोंत फरक पडला, म्हणजेच काही प्रवाह जमिनीकडे गळू लागला, की ते क्षणार्धात पुरवठा तोडते. घरासाठी ३० मिलिअँपिअर संवेदनक्षमतेचे आरसीसीबी घ्यावे. वरील उदाहरणातील ११.५ अँपिअरची गळती त्याच्या मर्यादेच्या जवळजवळ चारशे पट असल्याने ते तत्काळ पडेल.

मात्र आरसीसीबी हा अर्थिंगला पर्याय नव्हे. अर्थिंग असेल तर दोष उद्भवताच पुरवठा तुटतो. अर्थिंग नसेल तर कोणी तरी शेगडीला हात लावीपर्यंत गळती सुरू होत नाही, म्हणजे पहिला धक्का त्या व्यक्तीलाच बसतो. त्याचप्रमाणे आरसीसीबी अतिरिक्त भारापासून संरक्षण देत नाही. म्हणून एमसीबी, आरसीसीबी आणि अर्थिंग ही तिन्ही एकत्र असणे आवश्यक आहे. आरसीसीबीवरील तपासणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. ते दाबूनही पुरवठा तुटला नाही तर साधन बदलून घ्यावे.

ओट्यावरील मांडणी

शेगडी नळ आणि मोरीपासून दूर, कोरड्या व सपाट जागी ठेवावी. सॉकेट शेगडीच्या नेमके वर किंवा पाठीमागे नसावे. वाफ, तेल आणि उतू गेलेले दूध त्यात शिरण्याची शक्यता असते. स्विच नजरेसमोर असावा, आणि तापलेल्या भांड्यावरून हात न नेता तो बंद करता यावा. कायम जोडणी असलेल्या शेगडीसाठी फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकाच वेळी तोडणारा स्विच बसवावा. शेगडीची दोरी तापलेल्या पृष्ठभागास लागता कामा नये.

इंडक्शन शेगडीच्या खालील व मागील हवेची छिद्रे मोकळी ठेवावीत. वरील काचेस तडा गेल्यास शेगडीचा वापर ताबडतोब थांबवावा, कारण पाणी तड्यातून आतील विद्युतभागांपर्यंत पोहोचते. उघड्या तारेच्या वेटोळ्याची जुनी शेगडी सर्वाधिक धोक्याची आहे. चालू असताना धातूचा चमचा किंवा सांडशी त्या वेटोळ्याला लागली तर थेट धक्का बसतो. अशी शेगडी शक्य तितक्या लवकर बदलावी. तार, प्लग, स्विच, एमसीबी आणि शेगडी यांवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह पाहूनच खरेदी करावी.

काम कोणाकडून करून घ्यावे?

विद्युत संचमांडणीचे काम परवानाधारक विद्युत ठेकेदारामार्फत आणि सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या तारतंत्र्याकडूनच करून घ्यावे. काम पूर्ण झाल्यावर त्याच्याकडून तीन गोष्टी मोजून घ्याव्यात : तारेच्या वेष्टणाचा रोध, अर्थिंगचा रोध आणि आरसीसीबीचे कार्य. वेष्टणाचा रोध ५०० व्होल्ट दाबाने मोजला असता १ मेगओहमपेक्षा कमी असू नये. हे आकडे लिहून घेऊन जपून ठेवल्यास पुढील तपासणीच्या वेळी तुलना करता येते.

शेगडी पंधरा मिनिटे चालविल्यानंतर ती बंद करावी आणि कोरड्या हाताने प्लग चाचपून पाहावा. तो चटका बसण्याइतका गरम लागला, किंवा जळका वास आला, तर सांधा सैल आहे असे समजावे व दुरुस्ती होईपर्यंत वापर करू नये.

एखाद्यास धक्का बसून तो चिकटून राहिला असल्यास त्याला हात लावू नये. प्रथम मुख्य स्विच बंद करावा. ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडाने त्यास दूर करावे. श्वास थांबला असल्यास छातीवर दाब देण्याचा प्रथमोपचार सुरू करून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. विजेमुळे लागलेल्या आगीवर पुरवठा बंद होण्यापूर्वी पाणी टाकू नये.

पंचायतींचे व शाळांचे कार्य

हा प्रश्न केवळ घरापुरता मर्यादित नाही. शाळांतील स्वयंपाकगृहे, अंगणवाड्या, आश्रमशाळा आणि समाजमंदिरे येथेही विजेची उपकरणे वापरली जातात, आणि तेथे लहान मुलांचा वावर असतो. आपल्या अखत्यारीतील अशा इमारतींत अर्थिंग आहे काय, आरसीसीबी बसविले आहे काय आणि तारेची जाडी पुरेशी आहे काय, याची पाहणी ग्रामपंचायतीस सहज हाती घेता येईल. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून वीजतंत्री व तारतंत्री अभ्यासक्रम पूर्ण केलेले तरुण अनेक गावांत आहेत. परवानाधारक ठेकेदाराच्या देखरेखीखाली त्यांचे साहाय्य घेतल्यास हे काम अल्प खर्चात होऊ शकेल. १ मे अथवा १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत या पाहणीचा अहवाल ठेवल्यास दुरुस्तीच्या खर्चास मान्यता मिळणे सुलभ होईल.

विज्ञानाच्या शिक्षकांना विद्युतधारेचे परिणाम शिकविताना या विषयाचा चांगला उपयोग करता येईल. विद्यार्थ्यांनी वीजबिलावरील मंजूर भार, शेगडीवरील वॅटचा आकडा आणि एमसीबीवरील अँपिअरचा आकडा केवळ वाचून, कशालाही हात न लावता, वहीत नोंदवावेत आणि त्यांचा मेळ बसतो काय हे वर्गात तपासावे. या एका गृहपाठाने पाठ्यपुस्तकातील सूत्र घराघरांत पोहोचेल.

अर्थिंग, आरसीसीबी आणि जाड तार यांचा खर्च एकदाच करावा लागतो, आणि तो वाचविण्याचा मोह सर्वांनाच होतो. विजेची शेगडी खरेदी करणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने हा खर्च शेगडीच्या किमतीचाच भाग मानला, तर धुरापासून मुक्त झालेले स्वयंपाकघर अपघातापासूनही मुक्त राहील.