दुखणं आधी, माणूस मागून

गेल्या आठवड्यात आपण फाळक्यांच्या नाशकात, अण्णा साळुंक्यांपाशी थांबलो होतो. १९१७च्या 'लंका दहन'मध्ये राम तेच आणि सीताही तेच. त्या साडीचा कुणालाच प्रश्न पडला नाही, कारण ती कामापुरती होती. साडी उतरायचं नाव घेत नाही तेव्हा मात्र आपल्या सिनेमाला तिचं कारण द्यावंसं वाटतं, आणि ते कारण तो फार वेळा दुखण्यात शोधतो.

याचं मराठीतलं सगळ्यात ताकदीचं उदाहरणही एका नाशिककराचंच आहे. राजीव पाटील यांचा 'जोगवा' २००९चा. राजन गवस यांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या कादंबऱ्या आणि चारुता सागर यांची 'दर्शन' ही कथा यांच्यावर तो उभा आहे. त्याची नायिका सुली हिच्या केसांत जट होते आणि तिथून तिची फरफट सुरू होते. ही जट म्हणजे न विंचरलेल्या केसांत तेल, घाम, धूळ बसून झालेला गुंता. एकदा देवीचं बोलावणं ठरली की तिला फणी लावायची नाही, वर भंडारा टाकत राहायचं. मग ती वाढते, जड होते, मान अवघडते, आत उवा होतात. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते आजही घरोघर समजूत घालून अशा जटा कापतात. कर्नाटकाच्या सीमेलगतच्या गावांत जटच काय, अंगावरची खरूज किंवा न हटणारं आजारपणही यल्लम्माचा कौल ठरायचं. डॉक्टरकडे जायच्या आत यल्लम्माच्या सौंदत्तीची वाट धरली जायची.

सिनेमाचा नायक तायप्पा, त्याला साडी नेसवतात तीही देवीच्या नावानं, त्याला न विचारता. उपेंद्र लिमये यांनी तो असा उभा केलाय की नेसलेली साडी त्याला क्षणोक्षणी टोचतेय हे आपल्याला कळत राहतं. त्यांना अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि तो रास्तच होता. माझी अडचण वेगळी आहे. हा जुलमाचा सिनेमा आहे, आणि जुलूम दाखवताना त्यानं साडी म्हणजे शिक्षा, साडीतून सुटका म्हणजे माणूसपण असं समीकरण मांडलं. तायप्पापुरतं ते खरंच आहे. पण देवीला वाहिलेल्या ज्या जोगत्याला साडीतच आपण आपले वाटतो, त्याला या गोष्टीत उभं राहायला जागा नाही. तो तायप्पाच्या शोकांतिकेचा देखावा होऊन राहतो.

गंमत म्हणजे ही जागा अजय-अतुल यांच्या संगीतानं ठेवली आहे. 'लल्लाटी भंडार'मध्ये कुणी कुणाची कीव करत नाही. ताल चढत जातो आणि नाचणारं अंग आजारी वाटत नाही, त्याचा दराराच वाटतो. कथा ज्यांना बिचारे म्हणते, त्यांना गाणं तसं म्हणत नाही. हा ताल नाशिक जिल्ह्याला नवा नाही. कोजागरीला सप्तशृंगगडावर तृतीयपंथी भक्त मोठ्या संख्येनं जमतात, वाजतगाजत छबिना काढतात. तिथं कुणाला बरं व्हायचं नसतं.

दुखण्याचा हा आधार फक्त साडीलाच लागतो असं नाही, समलिंगी माणसाची गोष्टही सिनेमा तिथूनच सुरू करतो. आता गोव्यात जाऊ. १९८९मध्ये डॉमिनिक डिसोझा या तरुणाला पोलिसांनी उचललं. गुन्हा काय, तर दान केलेल्या रक्तात एचआयव्ही सापडला. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली त्याला म्हापशाच्या जुन्या क्षयरुग्णालयात ६४ दिवस एकटं डांबलं. आईनं न्यायालयात धाव घेतली, पण कायदा टिकला. बाहेर आल्यावर तो गप्प बसला नाही. जाहीरपणे बोलला, 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी केली, आणि १९९२मध्ये गेला. त्याच्यावरून ओनीर यांनी २००५मध्ये 'माय ब्रदर निखिल' केला. हळवा, प्रामाणिक सिनेमा. समलिंगी जोडप्याला इतकं साधं घरगुती वागवणारा त्याआधी हिंदीत क्वचितच असेल. पण त्यात निखिलची गोष्ट सांगतात ती त्याची बहीण, आईवडील आणि जोडीदार, कॅमेऱ्याकडे बघून, तो गेल्यानंतर. डॉमिनिक स्वतः बोलत होता. पडद्यावर त्याच्याबद्दल बोललं गेलं. घरच्यांच्या अश्रूंतून प्रेक्षक वळवायचा ही युक्ती मला कळते, ती लागूही पडली. तरी बोलका रुग्ण सिनेमात गप्प होतो, हे खटकतंच.

पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या फारूख बलसाराचं, म्हणजे गायक फ्रेडी मर्क्युरीचं, तर वेळापत्रकच बदललं. 'बोहेमियन रॅप्सडी'त (२०१८) तो १९८५च्या 'लाइव्ह एड' मैफलीआधी साथीदारांना आजार सांगतो. त्याच्या जोडीदाराच्या सांगण्यानुसार निदान १९८७चं. म्हणजे ज्या दिवशी तो नुसता जबरदस्त गात होता, त्या दिवशीही सिनेमानं त्याला मरणाच्या छायेत उभं केलं. प्रत्यक्षात त्यानं आजाराची जाहीर कबुली दिली ती मरणाच्या आदल्या दिवशी, २३ नोव्हेंबर १९९१ला. ती वेळ त्यानं निवडली होती.

जागतिक आरोग्य संघटनेनं समलैंगिकता रोगांच्या यादीतून १९९०मध्ये काढली, आणि २०१९च्या नव्या यादीत पारलिंगी असणं मनोविकारांतून बाहेर आणलं. पटकथा लिहिणाऱ्यांपर्यंत ही कागदपत्रं अजून पुरती पोचलेली दिसत नाहीत. एचआयव्ही खरा आहे, त्याच्या गोष्टी सांगायलाच हव्यात. फक्त तो कधी सांगायचा हे ज्याचं त्यानं ठरवावं.

पुढच्या आठवड्यात रवी जाधव यांचे दोन नायक : 'नटरंग'मधला गुणा आणि 'ताली'तली गौरी सावंत. तिथं दुखणं कमी आहे, टाळ्या जास्त.