चिप जळालेली नसते: ऑडिओ कन्व्हर्टर आणि डीएसपीची जोडणी

अमडापुरातून चिखली, शेगावला इंजिनिअरिंगला जाणारी मुलं आज समोर आहेत, म्हणून विषयही त्यांच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पातलाच घेतला आहे.

गावात सप्ताह बसतो, कीर्तनकार माईकजवळ येतात आणि भोंगा शिट्टी मारतो. ती शिट्टी ओळखून कापणारं यंत्र करायचं आहे, असं धरू. आवाजाचे आकडे करणारा एडीसी, आकड्यांवर गणित करणारा डीएसपी आणि आकड्यांचा परत आवाज करणारा डीएसी, एवढं त्याला लागतं. फिल्टरचं गणित पुस्तकात सापडतं. मुलं अडकतात ती मधल्या चार वायरींत.

लॅबमध्ये ही अडचण दिसतच नाही. तिथल्या टीएमएस320सी6713 बोर्डावर कोडेक, म्हणजे एडीसी आणि डीएसी एकाच चिपमध्ये, आधीच जोडलेला असतो. घरी सुटे मॉड्यूल आणून जोडले की खरखर सुरू होते, आणि आपण म्हणतो, 'चिप जळाली.' आम्हीही एकदा असंच म्हणून नवी चिप मागवली होती. तीही तशीच खरखरली!

आता वायरी बघू. फिलिप्स कंपनीने 1986 मध्ये ठरवलेल्या आय-टू-एस पद्धतीत तीन वायरी असतात: बिट क्लॉक, डावा-उजवा चॅनेल सांगणारी वायर, आणि डेटा. एडीसीकडून येणारा डेटा आणि डीएसीकडे जाणारा डेटा वेगळा, म्हणून आपल्याकडे चार होतात. सेकंदाला 48,000 नमुने, दोन चॅनेल, प्रत्येकी 32 बिटांची जागा, म्हणजे बिट क्लॉक 3.072 मेगाहर्ट्झ. बऱ्याच कन्व्हर्टरना शिवाय 256 पट वेगाचा मास्टर क्लॉक लागतो, 12.288 मेगाहर्ट्झचा. एवढ्या वेगाला ब्रेडबोर्डवर हातभर वायर चालत नाही. वायरी आखूड ठेवायच्या आणि ग्राउंड एकच करायचा.

पहिली चूक क्लॉकची. भजनात दोन मृदंगवाले आपापल्या लयीत वाजवायला लागले तर टाळकऱ्यांनी कोणाचं ऐकायचं? तसंच इथे. एडीसीचा क्रिस्टल वेगळा, डीएसपीचा वेगळा, आणि दोन्ही दहा लाखात 50 ने इकडेतिकडे. वाईटात वाईट फरक 100 चा, म्हणजे सेकंदाला जवळपास पाच नमुने गळणार किंवा दुबार येणार. कानाला टिक-टिक ऐकू येते. उपाय सोपा आहे: मास्टर एकच, बाकी सगळे स्लेव्ह. मास्टर क्लॉकही त्याच क्रिस्टलवरून घ्यायचा.

दुसरी चूक एका बिटाची, आणि हीच फसवते. आय-टू-एसमध्ये चॅनेल बदलल्यावर डेटा एक बिट उशिरा सुरू होतो. डीएसपीच्या सिरियल पोर्टला हा उशीर सांगितला नाही, तर तो एक बिट आधीच वाचायला लागतो. पहिला बिट चिन्हाचा असतो ना? त्या जागी आधीचा रिकामा शून्य येतो. 16 बिटांत उणे 1 म्हणजे सगळे एक. तेच आता अधिक 32,767 म्हणून वाचलं जातं. शांत खोलीत आकडे शून्याच्या आसपासच डोलतात, त्यामुळे प्रत्येक छोटा उणे आकडा टोकाला उडी मारतो. कोणी बोलत नाही, तरी स्पीकर कडकडतो. चिप जळाल्यासारखंच वाटतं, पण रजिस्टरमधला एक आकडा बदलला की आवाज स्वच्छ होतो.

म्हणून तपासायचा क्रम लक्षात ठेवा. आधी माईक बाजूला ठेवा. डीएसपीत 48 आकड्यांचं साइन टेबल लिहा आणि ते डीएसीकडे पाठवत राहा. 1,000 हर्ट्झचा स्वच्छ सूर आला, तर डीएसीची बाजू बरोबर. सूर वरखाली असेल तर क्लॉक बघा, फाटका असेल तर बिटांचा उशीर बघा. मग एडीसीकडून आलेले आकडे काहीही न करता जसेच्या तसे पुढे सोडा. बोललेलं नीट ऐकू आलं, की मगच फिल्टर घाला. सगळं एकदम जोडलं तर चूक तिघांपैकी कोणाची, ते कळत नाही.

प्रकल्प जमा करायची तारीख जवळ आली की घाई होते, आणि सुट्या भागांचे पैसे घरूनच येतात. तेव्हा नवी चिप मागवायच्या आधी दोनच प्रश्न विचारा: क्लॉक कोणाचा, आणि पहिला बिट कुठे?

आता तुमचे प्रश्न घेऊ.