दुर्बिणीच्या आदल्या दिवशी

पहाटे ५.००. वरसे. गाव त्यांना मेजर म्हणतं. फौजेतून निवृत्त झाले हवालदार म्हणून. उठल्याबरोबर आधी संडास. रक्त पडलंय का, ते बघायचं. आज नाही. मग मेसालामीनच्या गोळ्या आणि बिनदुधाचा चहा. उद्या पनवेलला कोलोनोस्कोपी आहे, म्हणून आज पोटात फक्त पातळ आणि गाळलेलं.

६.३०. धाटाव एमआयडीसीकडे शेअर रिक्षा, २० रुपये. पिशवीत शहाळ्याचं पाणी आणि घडी घातलेली एक जादा पँट. ती रोज असते.

७.००. कारखान्याचं गेट. पहिली पाळी. टँकर येतो. ड्रायव्हरची काडेपेटी, मोबाइल काढून घ्यायचे. सायलेन्सरला स्पार्क अरेस्टर आहे का बघायचं. चाकांवरचा आरसा गाडीखाली सरकवायचा. सीलचा नंबर आवक रजिस्टरात लिहायचा. मेजर वाकतात, एक हात पोटावर.

१०.१५. जोडीच्या पहारेकऱ्याकडे नुसतं बघतात. तो रजिस्टर ओढून घेतो. गेट रिकामं सोडता येत नाही आणि संडास आतल्या शेडमागे. दुखणं उसळलं की दिवसात आठ-दहा फेऱ्या होतात.

१.००. बाकीचे डबे उघडतात. मेजर डाळीचं गाळलेलं पाणी पितात. "बारा वर्षं झाली. फौजेत असतानाच रक्त पडायला लागलं. मूळव्याध समजून काढले काही महिने." दुर्बिणीत दिसलं, सगळ्या मोठ्या आतड्याला व्रण. अल्सरेटिव्ह कोलायटिस. सूज येते, भरते, पुन्हा येते. दरवेळी पेशी नव्यानं तयार होतात आणि त्यात कुठेतरी बिघाड होऊ शकतो. २००१ साली ब्रिटिश डॉक्टरांनी जुने अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला: आतड्याच्या कर्करोगाचा धोका १० वर्षांनी २ टक्के, २० वर्षांनी ८, ३० वर्षांनी १८. पुढच्या अभ्यासांत आकडे बरेच खाली आले. पण आजार जितका जुना, जितका पसरलेला, तितका धोका जास्त, हे कायम आहे.

३.००. पाळी सुटली. उद्या-परवा खाडा. हजेरी ६०० रुपये, १२०० गेले.

४.००. पनवेलची एसटी. वहिनी, म्हणजे मेजरांची बायको, सोबत, कारण भुलीनंतर माणूस लागतो. त्यांचं तिकीट अर्धं. तपासणीचा खर्च ईसीएचएसच्या रेफरलवर. २००३ साली सुरू झालेली ही माजी सैनिकांची योजना. प्रवास, चहापाणी खिशातून.

७.००. बहिणीचं घर. पोट साफ करायची पावडर दोन लिटर पाण्यात. निम्मं आज, निम्मं पहाटे. दर पंधरा मिनिटांनी एक पेला. खारट. वहिनी घड्याळ बघून पेला भरतात. तिसऱ्या पेल्यानंतर मेजर उठतात ते उठतातच.

१०.००. पोट आता पाण्यासारखं साफ. ते तसंच हवं. या आजारात कर्करोगाआधीचे बदल कधी कधी सपाट असतात, नुसत्या नजरेला चुकतात. म्हणून डॉक्टर आतड्याच्या अस्तरावर रंग फवारतात, शंका येईल तिथले तुकडे तपासायला घेतात. मळ राहिला तर सगळी मेहनत फुकट.

मेजरना गेले सात महिने रक्त पडलेलं नाही. तरीही ते आलेत. घरात कुणाला हा आजार असेल आणि लक्षणं सुरू होऊन आठ वर्षं झाली असतील, तर बरं वाटत असलं तरी डॉक्टरांना दुर्बिणीची तारीख विचारा. पुढे साधारण एक ते तीन वर्षांनी, ते सांगतील तशी, पुन्हा करा. आणि रक्त पडत असेल तर मूळव्याध म्हणून घरी बसू नका.