राजीनामा लिहिण्याआधी

पहाटे उठावे तर बोटे आखडलेली. कुकरचे झाकण लागत नाही. गरम पाण्यात हात धरल्यावर तासाभराने कुठे मूठ वळते. मग दिवसभर वॉर्डात उभ्याने काम, शिवाय रात्रपाळी. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात, जडलेल्या परिचारिकेचा दिवस असा जातो. काही महिन्यांतच घरात विषय निघतो, 'नोकरी सोडून दे.'

या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो दोन ते तीन पट अधिक आढळतो, आणि अनेकदा ऐन नोकरीच्या वयात सुरू होतो. दुखण्याइतकाच थकवा छळतो. तो आळस नव्हे, आजाराचाच भाग असतो. बाहेरून दिसत नाही, म्हणून सहकाऱ्यांना ते कामचुकारपणा वाटतो.

मेथोट्रेक्सेटसारख्या औषधाचा गुण यायला साधारण ६ ते १२ आठवडे लागतात. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते; चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतू शकते. उपचार लवकर सुरू झाले, तर अनेकांचे हात पुन्हा कामाला लागतात. म्हणून दुखणे भरात असताना राजीनाम्याचा निर्णय घेऊ नये.

औषध लागू पडूनही काम झेपत नसेल, तर कामाचे स्वरूप बदलावे. रात्रपाळीऐवजी दिवसपाळी, वॉर्डाऐवजी बाह्यरुग्ण विभाग. 'हलके काम द्यावे' एवढ्या चिठ्ठीने भागत नाही. किती वेळ उभे राहता येते, किती वजन उचलता येते, हे डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्यावे.

सरकारी नोकरीत असताना दिव्यांगत्व आले, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम २० आधार देते. अशा कर्मचाऱ्याला काढता येत नाही, त्याचा दर्जाही कमी करता येत नाही. जुने काम जमत नसेल, तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद द्यावे लागते. त्यासाठी सरकारी रुग्णालयातून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र घ्यावे. राजीनामा दिल्यावर मात्र हे संरक्षण मागणे कठीण होते. खासगी नोकरीत या तरतुदीचा आधार नाही; तिथे डॉक्टरांचे ते सविस्तर पत्रच उपयोगी पडते.

वॉर्डाची जबाबदारी दुसरीकडे सोपवताना वाईट वाटतेच. घरच्यांनी ते ऐकून घ्यावे, उपदेश करू नये. हातांना झेपेल असे काम मिळणे हाही उपचाराचाच भाग आहे.