दागिना न मोडता

कोल्हापूरच्या गुजरीत सोन्याची परीक्षा पिढ्यान्‌पिढ्या कसोटीवर होत आली. काळ्या दगडावर दागिना घासायचा, शेजारी माहीत असलेल्या कसाची रेघ ओढायची आणि तेजाब लावून दोन्ही रेघा ताडून पाहायच्या. दागिना मोडावा लागत नाही, हा या पद्धतीचा गुण. ती केवळ पृष्ठभागाविषयीच बोलते, ही तिची मर्यादा.

बँकेत सोनेतारण कर्जे पाहताना ही मर्यादा मला उशिराच उमगली. एका शाखेत तारण ठेवलेल्या बांगड्या कसोटीवर निर्दोष ठरल्या होत्या. कर्ज थकले. लिलावापूर्वीच्या फेरतपासणीत एक बांगडी कापली, तेव्हा आत तांबे निघाले. कर्जदार गृहस्थ आमच्याहून अधिक हबकले. आयुष्याची पुंजी समजूनच त्यांनी त्या विकत घेतल्या होत्या.

आता पेढ्यांवर एक्सआरएफ यंत्रे आली आहेत. क्ष-किरण पडताच प्रत्येक धातू स्वतःच्या ठरावीक ऊर्जेचे किरण परत देतो. त्यावरून सोने, चांदी, तांबे यांचे प्रमाण अल्पावधीत कळते. ओरखडाही उमटत नाही. परंतु सोने स्वतःच हे किरण शोषून घेते, त्यामुळे यंत्राची नजर मिलिमीटरच्या शतांशापलीकडे फारशी जात नाही. जाड मुलामा त्यालाही फसवू शकतो.

भरीव दागिन्यासाठी पाण्यातील वजनाची जुनी युक्ती उपयोगी पडते. शुद्ध सोने पाण्याच्या 19.3 पट जड, तर तांबे सुमारे नऊपट. टंगस्टनचे वजन मात्र जवळजवळ सोन्याइतकेच. तेथे श्रवणातीत ध्वनी कामी येतो: सोन्यातून तो सेकंदाला सुमारे 3,240 मीटर धावतो, टंगस्टनमधून पाच हजारांहून अधिक. लगडीतील भेसळ प्रतिध्वनीच्या वेळेवरून उघड होते.

आपला कोल्हापुरी साज मात्र या युक्त्यांना दाद देत नाही. पातळ सोन्याच्या पत्र्यात लाख भरलेली, अशी त्याची घडण. एका अर्थी तो संमिश्र पदार्थच. रुग्णालयातील एमआरआयने आत पाहता येईल का, असे एका तरुण व्यापाऱ्याने मला विचारले. एमआरआय मुख्यतः पाण्यातील व चरबीतील हायड्रोजनचा वेध घेतो. काचतंतूंच्या संमिश्र पदार्थात शिरलेले पाणी त्याने शोधता येते. सोन्याचा पत्रा मात्र त्याच्या रेडिओलहरी अडवतो, आणि घट्ट लाखेचा संकेत क्षणात विरतो.

म्हणून साज घेताना पावतीवर एकूण वजन, लाखेचे वजन आणि निव्वळ सोन्याचे वजन वेगवेगळे लिहून घ्यावे. हॉलमार्क असलेल्या दागिन्यावर बीआयएसचे चिन्ह, शुद्धतेचा अंक आणि सहा अक्षरांकांचा एचयूआयडी पाहावा. 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्क दागिन्यांच्या विक्रीस हाच सहा अक्षरांकी क्रमांक लागतो. बीआयएस केअर या अ‍ॅपवर तो घरबसल्या पडताळता येतो. तरीही शंका उरली, तर नमुना काढून भट्टीत केलेली अग्निपरीक्षाच निर्णायक.

अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत हीनाधिक मानोन्मान, म्हणजे खोटी मापे, आणि प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे अस्सलाच्या नावाखाली नक्कल देणे, हे दोन्ही आहेत. यंत्राला दागिन्याच्या आतले दिसत नसले, तरी तो घडवणाऱ्याला आणि विकणाऱ्याला ते ठाऊक असते. त्याने ते पावतीवर लिहून द्यावे, एवढेच हे व्रत आपल्या व्यापाराकडून मागते.