शाळा सरकारची, निवड कोणाची?

मुलाला शिकविणे हे आईबापांचे कर्तव्य की सरकारचे, हा प्रश्न वरवर साधा दिसतो. बेळगाव-निपाणीच्या सीमाभागात मात्र त्याचे उत्तर काळाबरोबर पालटत आले आहे, आणि या पालटातच प्रश्नाचे मर्म आहे.

निपाणीशेजारच्या कोल्हापूर संस्थानात शाहू छत्रपतींनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, आणि मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. गरिबाच्या घरी मुलाचे दोन हात म्हणजे रोजची मिळकत. घरच्या गरजेपुढे मुलाचे हित हरू नये, म्हणून राज्यसत्तेने मध्ये पडणे अवश्य होते. पुढच्याच वर्षी विठ्ठलभाई पटेलांच्या कायद्याने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांनाही अशी सक्ती करण्याचा अधिकार मिळाला. बेळगाव जिल्हा तेव्हा याच इलाख्यात होता.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव व निपाणी म्हैसूर राज्यात गेली आणि प्रश्नाला दुसरे तोंड फुटले. मूल शाळेत घालावयाचे खरे, पण ती शाळा कोणत्या भाषेची? त्याच वर्षी घटनेत ३५०-अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून घेण्याच्या पुरेशा सोयी राज्याने कराव्यात, असे ते सांगते. पूर्वी राजा पालकांस बजावीत होता. आता पालकांनी राज्यास बजाविण्याची पाळी आली.

पुढे १९९४ साली कर्नाटक सरकारने पहिली ते चौथीचे शिक्षण मातृभाषेतून अथवा कन्नडमधूनच द्यावे, असा आदेश काढला. तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. ६ मे २०१४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निर्णय दिला की, मुलाची मातृभाषा कोणती हे पालकच ठरवतील आणि प्राथमिक शिक्षणाचे माध्यम सरकारला लादता येणार नाही.

निवडीचा हक्क असा सिद्ध झाला. परंतु हक्क म्हणजे शाळा नव्हे. ऐपतीचा पालक मुलाला दूरच्या शाळेत धाडू शकतो. निपाणीत तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या वा घरी विड्या वळणाऱ्या आईला मात्र पायी चालत जाण्याइतकी जवळची शाळा हीच काय ती निवड. तेथे मराठी वर्ग नसेल, किंवा वर्ग असून शिक्षक नसेल, तर तिचा हक्क कागदावरच राहतो.

दोष एकट्या सरकारच्या पदरी घालूनही भागत नाही. सुस्थितीतील पालक आपली मुले इंग्रजी शाळेत घालतात, तेव्हा मराठी शाळेचा पट घटतो. पट घटला की वर्ग टिकविणे अवघड होते, आणि वर्ग गेला की त्या गरीब आईची निवडही जाते. एकाची निवड दुसऱ्याच्या निवडीवर अशी अवलंबून असते. सीमाभागातील मुलाला व्यवहारासाठी कन्नडही आले पाहिजे. पण त्यासाठी त्याची मराठी काढून घेण्याचे कारण नाही.

२००२ सालच्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण हा मूलभूत हक्क ठरविला, आणि मुलांना शिक्षणाची संधी देणे हे पालकांचेही कर्तव्य म्हटले. दोघांची नावे एकाच दुरुस्तीत आली, हे योग्यच झाले. शाळा उभी करणे व शिक्षक नेमणे हे सरकारचे काम. भाषा निवडणे हा पालकांचा अधिकार. आणि निवडलेली शाळा चालती ठेवणे ही दोघांची जबाबदारी. यांपैकी एकाने अंग काढून घेतले, तर नुकसान होते ते दप्तर घेऊन उंबऱ्यात उभ्या असलेल्या मुलाचे.